ग्लेन तुझा ट्रेलर घेऊन गेला तेव्हा

नोव्हाय, मिशिगन, जूनमधला पहिला रविवार

प्रिय नलूमावशी,

तू गेलीस तेव्हा सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर फुलं आणि जोडलेले हात येत होते. मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. आई नाशिकहून फोनवर म्हणाली, "मुग्धा, अगं इतकी वर्षं तिच्या घरात राहिलीस, दोन शब्द तरी लिही." नाही सुचले. मग आज का लिहितेय? कारण गेल्या आठवड्यात मी तुझ्याबद्दलची एक गोष्ट लोकांना सांगून टाकली. तू मला ती कधीच सांगितली नव्हतीस. तुला विचारायची सोय नव्हती, आणि असती तरी तू नाहीच म्हणाली असतीस. तेव्हा निदान कळवावं तरी, म्हणून हे पत्र.

पूर्ण वाच हं. मध्येच रागावून उठून जाऊ नकोस. तुझी ती सवय मला चांगली ठाऊक आहे.

सगळं सुरू झालं तुझ्याच घरी, तुझ्यासाठी लोक जमले होते त्या दिवशी. मार्च संपत आला होता, अंगणात मळकट बर्फ होता. ग्लेन आला. गळ्यात टाय, हातात फॉइल लावलेला कॅसरोल. आपल्या बायका त्याच्याकडे बघून एकमेकींकडे बघत होत्या. तुला माहीत असेलच, मंडळात काय बोलायचे ते. "नलूकाकू आणि तो बँडमास्तर!" शाळेत म्युझिक शिकवून रिटायर झालेला माणूस दर शनिवारी एका पुणेरी बाईबरोबर गाडीमागे जोडायचे, आत राहता येणारे जुने ट्रेलर का दुरुस्त करून विकतो, हा प्रश्न सगळ्यांना पडायचा. मलाही पडायचा. फक्त मी तो बोलून दाखवत नव्हते.

थोड्या वेळाने मी किचनच्या खिडकीतून पाहिलं, तर ग्लेन मागच्या ड्राइव्हवेवर तुझ्या चंदेरी ट्रेलरचं दार उघडून उभा. आत जात नव्हता. नुसतं डोकं आत घालून उभा होता, कितीतरी वेळ. किल्ली त्याच्याकडे कुठून आली? मग आत आला आणि मला बाजूला घेऊन विचारतो काय, "या ट्रेलरमध्ये कुणी झोपत नाहीये ना? पाहुणे वगैरे?"

"नाही. का?"

"सहज," म्हणाला. मावशी, त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात त्याचे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ड्राइव्हवे रिकामा! चिखलात टायरचे दोन पट्टे, बस्स. मी तिथूनच फोन लावला.

"ट्रेलर माझ्याकडे आहे," ग्लेन म्हणाला. "इथे तो जास्त सेफ आहे."

"सेफ? कोणापासून?"

तो म्हणाला, "हिवाळा अजून पूर्ण गेला नाहीये."

हिवाळा! साठ हिवाळे काढलेल्या ट्रेलरला मार्चमधल्या हिवाळ्याची भीती?

मला संशय घ्यायला तूच शिकवलंस. आठवतं? मी ट्रॉय गावातल्या नोकरीत नवीन होते, शनिवारी झोप काढायचा विचार असायचा, आणि तू मला ओढून न्यायचीस कुणाच्या तरी शेतावर पडलेला ट्रेलर बघायला. मालक कौतुकाने सांगायचा, बघा, आतून नवाकोरा रंग दिलाय. गाडीत बसल्यावर तू मला मराठीत म्हणायचीस, "नवा रंग दिसला की आधी विचारायचं, याच्याखाली काय झाकलंय?" भिंतीवर बोटांनी ठकठक करायचीस. कोपऱ्यांत अंगठा दाबायचीस, लाकूड कुजलेलं असलं तर अंगठा आत जातो म्हणून. आणि शेवटी सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून, आत एकटी उभी राहायचीस, डोळे मिटून. "डोळ्यांना रंग मारून फसवता येतं गं, नाकाला नाही."

लोकांना तुझं हे वेड समजायचं नाही. मला थोडंफार समजायचं. मोटारींच्या कंपनीत जन्मभर तू गळती शोधलीस. नव्या गाडीवर पाण्याचे फवारे मारायचे आणि पाणी कुठून आत शिरतं ते हुडकायचं. काका गेले, तू रिटायर झालीस, आणि सफरचंदाच्या सायडर मिलला जाताना रस्त्याकडेच्या एका बार्नमागे, शेतावरच्या मोठ्या कोठारामागे, तुला तो चंदेरी ट्रेलर दिसला. गांधीलमाश्यांनी भरलेला, पत्रा काळवंडलेला. बार्न ग्लेनचा होता. तो म्हणाला, घेऊन जा, मला जागा हवीय. तू म्हणालीस, नेणार नाही, इथेच दुरुस्त करीन. असंच सांगायचीस ना? तीच गोष्ट ग्लेन थोडी वेगळी सांगतो. तो म्हणतो, "मीच तिला म्हणालो, इथेच कर." कुणाचं खरं?

असो. तर तुझा चंदेरी ट्रेलर त्याच्या बार्नमध्ये, आणि माझ्या डोक्यात किडा.

एप्रिलमध्ये मला कळलं, की तो तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतोय. लॅन्सिंगची ती नर्स, जिला तू गुलाबी पडद्यांचा ट्रेलर करून दिला होतास, ती मला सांत्वनाच्या फोनमध्ये सहज बोलून गेली, "ग्लेन किती चांगला आहे! स्वतःहून आला, स्टोव्हपाशी बराच वेळ काहीतरी केलं, एक पैसाही घेतला नाही." मी विचारलं, काय केलं नेमकं? ती म्हणाली, "कोण जाणे. मला म्हणाला, तुम्ही बाहेर थांबा."

तुम्ही बाहेर थांबा?

आता तूच सांग, मी काय समजायचं? तू शोधून शोधून आणलेले ते जुने स्टोव्ह, ते दिवे, त्या मुठी. लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. मी नेटवर बघितलं, तुझ्याकडच्यासारखा पिवळा स्टोव्ह विकायला आहे का. सापडला नाही, पण त्यामुळे माझं समाधान झालं नाही. वाटलं, ओळखीत विकत असेल. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मी दुसऱ्या विंडोत असले शोध घेत बसायचे. माझी मैत्रीण म्हणाली, "यार, तू डिटेक्टिव्ह झालीयेस." झाले होते खरी.

मग अश्विनीचा फोन आला. अश्विनी आणि केदार, ट्रॉयचे, मूळचे नागपूरचे. तुझा शेवटचा ट्रेलर त्यांनी घेतला, तो बुटका, गोल पाठीचा, अर्धा पांढरा अर्धा पिस्ता रंगाचा. तू जायच्या दोनतीन आठवडेच आधी स्वतः नेऊन दिला होतास.

"मुग्धा, एक गोरे आजोबा आलेयत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "म्हणतात नलूकाकूंचे पार्टनर. हातात टूलबॉक्स आहे. ट्रेलर आतून बघायचाय म्हणतात, एकट्याने. केदार घरी नाहीये. काय करू?"

"का बघायचाय, ते विचार."

तिने विचारलं. मला लांबून त्याचा आवाज ऐकू आला. "रूटीन."

"अश्विनी, त्यांना हात लावू देऊ नकोस," मी म्हणाले. "केदारलाही सांगून ठेव. माझ्याशी बोलल्याशिवाय कुणालाही त्या ट्रेलरमध्ये सोडायचं नाही."

मला फार बरं वाटलं तेव्हा! वाटलं, एक तरी वस्तू वाचवली तुझी.

मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला, शनिवारी सकाळी, मी न सांगता हॉवेलच्या पुढे त्याच्या बार्नवर जाऊन धडकले. मोठं दार उघडं होतं. आत तुझा ट्रेलर. आणि मावशी, त्याचं पोट फाडून ठेवलं होतं! स्टोव्ह बाहेर काढून बाकावर. कपाटांची दारं भिंतीला टेकवलेली. खालची फरशी उचकटलेली. तू रिवेट करून बसवलेला पत्रा सुटून लोंबत होता. आणि त्या सगळ्याच्या मध्ये ग्लेन गुडघ्याला पट्टा बांधून, जमिनीवर बसून, काहीतरी गुणगुणत होता.

"चोर!" मी मराठीतच ओरडले. नंतर इंग्लिशमध्ये.

तो दचकला, उठायला गेला, गुडघ्यामुळे पुन्हा बसला. "मुग्धा, ऐक..."

"काय काय विकलंत तुम्ही? लॅन्सिंगवरून काय आणलंत? अश्विनीकडे काय चोरायला गेला होतात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, नुसती भीती होती. म्हणाला, "अश्विनी. म्हणजे ट्रॉयचे लोक. त्यांना तू सांगितलंस मला आत सोडू नका म्हणून?"

"हो, मीच."

"त्यांनी तो ट्रेलर अजून वापरला नाहीये ना?"

"आज सकाळीच निघालेत. लेक मिशिगनच्या काठाला, कॅम्पिंगला."

"मुलीला घेऊन?"

"अर्थात."

तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "लिनीला वास येत नव्हता."

मला कळेचना. लिनी म्हणजे तू, हे माहीत होतं; नलिनी हे नाव त्याच्या तोंडात कधी मावलं नाही. पण वास येत नव्हता म्हणजे?

"कशाचाच नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी तो ताप आला होता ना, त्यानंतर. परत आलाच नाही. मला कळलं ते एका खारीमुळे. खार मरून पडली होती फरशीखाली. मी बार्नचं दार उघडलं आणि मला उलटी यायची बाकी राहिली. आणि लिनी आत, सकाळपासून काम करत बसलेली. मला म्हणाली, गुड मॉर्निंग."

मावशी, मी तिथे एका उलट्या बादलीवर बसले आणि मला एकेक आठवायला लागलं. तुझ्या डेकवर स्कंक, तो घाणेरडा फवारा सोडणारा प्राणी, येऊन गेला होता, सगळी गल्ली नाक धरून बसली होती, आणि तू तिथेच चहा पीत होतीस! मी म्हटलं, अगं किती घाण वास! तू म्हणालीस, "सवय झालीय." आमटीत तो भसाभस हिंग. नासलेल्या दुधाचा चहा तू मला हसतमुखाने दिलास. मंडळाच्या गणपतीत कुणी केवडा पुढे केला की तू आधी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायचीस, मग म्हणायचीस, "अहाहा!"

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते दार लावून उभं राहणं. गेले वर्ष-दीड वर्ष तू स्वतः उभी राहत नव्हतीस. मला आत पाठवायचीस. "जा, आणि नीट सांग, कसकसला वास येतो." मला वाटायचं, मावशी मला शिकवतेय! किती फुशारून जायचे मी. तुझं नाक होते मी, आणि मलाच पत्ता नव्हता.

"तिने मला शपथ घातली होती," ग्लेन म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. तू तिला एकटीने काम करू देणार नाहीस, असं तिला वाटायचं. मी म्हणालो, ठीक आहे, पण गॅसचं काम मी बघणार. तिने मान्य केलं. आम्ही तसंच करत होतो. मग या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी घरात अडकलो, आणि त्या पिस्ता रंगाच्या ट्रेलरचं सगळं तिने एकटीने उरकलं. मला फोनवर म्हणाली, काळजी करू नकोस, साबणाचं पाणी लावून बघितलंय. बघितलं असणारच. उभ्या गाडीत सगळं ठीकच दिसतं. पण रस्त्यावर हादरे बसले की तांब्याच्या नळीचे जोड सैल होतात. ते नाकालाच कळतं. तुझ्या घरी लोक जमले होते ना, त्या दिवशी मी तिच्या स्वतःच्या ट्रेलरचं दार उघडलं, आणि मला गॅसचा वास आला."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. "अश्विनीला तरी सांगायचं! रूटीन काय, रूटीन?"

"मला वाटलं, गुपचूप आवळून येईन. तिच्या नावाला बट्टा नको."

अश्विनीला फोन लावला. लागत नव्हता. केदारला लावला, तो थेट व्हॉइसमेलला. मेसेज टाकले, "सिलिंडर बंद करा, आत काही पेटवू नका", त्यांच्यापुढे एकच बारीक टिक दिसत राहिली. कॅम्पग्राउंडच्या ऑफिसचा नंबर लावला, तिथे सुट्टीच्या गर्दीत कुणी उचलेना, निरोप ठेवला. ग्लेन म्हणाला, "चल," आणि आम्ही त्याच्या ट्रकमधून निघालो. लाँग वीकेंडचं सगळं मिशिगन त्याच रस्त्यावर होतं. पुढे मागे बोटी, सायकली, ट्रेलर. प्रत्येक पांढरी पाठ मला त्यांचीच वाटायची.

वाटेत मी त्याला एकदाच विचारलं, "गॅसचा अलार्म नाही का बसवला?"

"तिने बसवू दिला नाही. म्हणाली, साठ सालच्या गाडीत तो बटबटीत प्लास्टिकचा डबा नको."

बटबटीत! मावशी, त्या क्षणी तू समोर असतीस ना, तर मी काय बोलले असते ते मलाही माहीत नाही. एका स्क्रूचं माप चुकलं तर सगळं खोलून परत लावणारी तू. पत्र्यातून पाण्याचा एक थेंब आत आला तर जेवण न जाणारी तू. तू दुसऱ्याच्या लेकरापेक्षा स्वतःचं गुपित जपलंस? की तुला खरंच वाटत होतं, की तुझं काम इतकं चोख आहे, की नाकाची गरजच नाही? कुठलं खरं मानू? मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली नव्हती अजून. झाडांच्या मध्ये तुझा पिस्ता ट्रेलर उभा, इतका गोड दिसत होता, जाणारे येणारे फोटो काढत होते. बाहेर टेबलावर अश्विनी इलेक्ट्रिक किटलीत चहाचं पाणी गरम करत होती. मला बघून तिला आनंदच झाला. "अय्या, मुग्धा! सरप्राइज?" मग तिने ग्लेनला पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. मीच तिला त्याची भीती घातली होती ना.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कुणी नाही. केदार आणि इरा बीचवर गेलेत. आत जरा कोंदट वाटतं म्हणून मी इथे बाहेरच..."

ग्लेन तोवर सिलिंडरपाशी पोचला होता. व्हॉल्व्ह बंद केला. दार, खिडक्या, सगळं सताड उघडून ठेवलं. मी दारात उभी राहिले. आणि मला आला, मावशी. कुजलेल्या अंड्यासारखा, बारीक, पण स्पष्ट. तू मला दार लावून शिकवलंस ते सगळं मला तेव्हा उपयोगी पडलं.

तेवढ्यात केदार आणि इरा ओल्या पायांनी आले. इराने आईकडे बघून म्हटलं, "आय टोल्ड यू इट स्टिंक्स इन देअर!"

"मला वाटलं, जुन्या गाडीला असा वास असतोच," अश्विनी पुटपुटली. "रात्री थंडी आहे म्हणतात, म्हणून खिडक्या लावून हीटर..." तिने इराला जवळ ओढून घेतलं.

सगळं हवेशीर झाल्यावर ग्लेनने सिलिंडर जरासा उघडून स्टोव्हमागच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले, एकामागून एक, शांतपणे. केदारने वाकून पाहिलं. मग ग्लेनने पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, "जुने जोड आहेत. रस्त्यात हलतात. होतं असं."

"मग आता टाइट करून टाका," केदार म्हणाला. "थँक गॉड तुम्ही आलात. काकूंची काही चूक नाही, चालायचंच."

गोष्ट तिथेच संपली असती. ग्लेन माझ्याकडे बघत होता, अगदी विनवल्यासारखा. त्याला तेच हवं होतं. तुलाही तेच हवं असतं, मला माहितेय. मी गप्प राहायचं, तू नलूकाकूच राहायचीस, जिच्या हाताला यश होतं.

पण केदार त्या ट्रेलरवर पुन्हा विश्वास टाकायला निघाला होता, तुझ्या नावावर. मला ते बघवेना.

"केदार, थांब," मी म्हणाले. "मावशीला वास येत नव्हता. दोन वर्षं. तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. हे तिने एकटीने केलंय आणि शेवटची तपासणी, जी नाकाने करायची, ती झालेलीच नाही. आणि यांना मी अडवलं नसतं, तर हे एप्रिलमध्येच सापडलं असतं."

शेजारच्या तंबूतली माणसं हसत होती.

केदार म्हणाला, "म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून दिला." मी हो म्हटलं. तो म्हणाला, "माझी मुलगी आज त्यात झोपणार होती." मी त्यालाही हो म्हटलं. तो पाण्याच्या दिशेने निघून गेला.

अश्विनी मात्र तिथेच बसून राहिली. मग म्हणाली, "ट्रेलर द्यायला आल्या होत्या ना काकू, तेव्हा दोनदा म्हणाल्या होत्या, अश्विनी, खिडकी किलकिली ठेवून झोपत जा. मी म्हटलं, हो काकू. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची सवय." आणि ती रडायला लागली.

हे मी तुला मुद्दाम सांगतेय. कारण ते ऐकल्यापासून माझा तुझ्यावरचा राग गुंतागुंतीचा झालाय. तुला शंका होती तर. स्वतःच्या कामाची शंका. मग पूर्ण वाक्य का नाही बोललीस? एवढंच बोलायचं होतं, "मला कळत नाही गं, तू हुंगून बघ."

ते लोक त्या रात्री मोटेलमध्ये राहिले. ग्लेनने ट्रेलर मागे जोडून आपल्या बार्नवर आणला. अश्विनी म्हणते, सगळी नळी नवी घाला, अलार्म बसवा, आम्ही परत नेऊ. केदार अजून माझ्याशी बोललेला नाही. बोलेल की नाही, सांगता येत नाही. मंडळात बातमी पोचली आहे. काहीजण म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं? एक काकू तर मला म्हणाल्या, "स्वतःच्या मावशीचं असं करतं का कुणी?" मी ग्लेनकडून लॅन्सिंगच्या नर्सला आणि बाकीच्यांनाही फोन करवून घेतले, माझ्यासमोर, खरं काय ते सांगून. त्याचे कान शेवटपर्यंत लाल होते.

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणी पायात काच घुसली तरी सांगायची नाही ती. लंगडत शाळेत जायची." आणि फोन ठेवला.

काल शनिवार होता. मी बार्नवर गेले. ग्लेनने चहा केला, आलं किसून, दूध उकळून, अगदी आपल्यासारखा. कपाटात त्याच्या पातेल्याशेजारी तुझी चहाची गाळणी होती. खुंटीवर तुझा निळा स्वेटर होता, धुऊन, नीट लटकवलेला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने खिडकीबाहेर बघितलं. तुमच्यात नेमकं काय होतं, ते मी विचारलं नाही. संशय आहे. असू दे. हा एक संशय मी शेवटाला नेणार नाही, तेवढी सवलत तुला.

पण नळी काढली हं आम्ही. तुझी लाडकी, साठ सालची, तांब्याची. मी स्वतः कापली. चंदेरी ट्रेलरमध्ये तुझ्या बिछान्याशेजारी, जमिनीलगत (गॅस खालीच साचतो ना) तो बटबटीत प्लास्टिकचा डबा बसवलाय, आणि तिथून त्याचा हिरवा दिवा दिसत राहतो. फार कुरूप दिसतं. तुला मुळीच आवडलं नसतं. ग्लेन म्हणतो, रिवेट मारायला शिक, तुझा हात लिनीसारखा आहे. मी पुढच्या शनिवारी जाणार आहे. शिकवतो म्हणालाय, पण मी त्याला सांगितलं, प्रत्येक गोष्ट का करायची ते विचारत राहीन, आणि उत्तर पटलं नाही तर करणार नाही. त्याने हसून हो म्हटलं.

मावशी, एक वचन देते. माझंही काहीतरी जाईल एक दिवस. नजर जाईल, कान जातील, आठवण जाईल, काय ते आता कोण सांगणार. ते मी झाकून ठेवणार नाही. आणि तुझ्यासारखं एकाच माणसाला सांगून, त्याला शपथ घालून, त्या बिचाऱ्याला एकट्याला ते ओझं वाहायला लावणार नाही. निदान दोघांना सांगेन.

तुझी, अजून न निवळलेली,
मुग्धा